बघू म्हणजे हो

"त्र्यंबकराव, गवतात मासे कधीपासून व्हायला लागले हो?"

संध्याताईंनी हे विचारलं तेव्हा त्र्यंबक पोंक्षे बागेच्या मधोमध उभे होते. हातात नऊ फुटी लवचिक काठी, आणि तिच्या टोकातून निघालेली पिवळी दोरी दोनदा मानेभोवती आणि एकदा उजव्या कानाभोवती गुंडाळलेली. दोरीच्या शेवटी गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधला होता आणि तो आता त्यांच्या हनुवटीखाली लोंबत होता. ॲन आर्बरमध्ये जूनच्या दिवसांत रात्री नऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळे हे सगळं लपवायची काही सोय नव्हती.

"प्रॅक्टिस करतोय," कान सोडवत ते म्हणाले. "फ्लाय फिशिंगची."

"म्हणजे काय करायचं?"

"फ्लाय म्हणजे माशी. पिसं आणि दोरा घेऊन खोटी माशी करायची, अशी पाण्यावर टाकायची. माशाला वाटतं, खरीच आहे."

"आणि मासा मिळाल्यावर? तुमच्या घरात तर अंडंसुद्धा मागच्या दारानं यायचं."

"सोडून द्यायचा."

"पकडायचा आणि सोडून द्यायचा?"

"अमितची तशी पद्धत आहे."

अमितचं नाव ऐकल्यावर संध्याताई थांबल्या. त्या त्र्यंबकरावांच्या बायकोच्या, मालिनीच्या, जिवाभावाच्या मैत्रीण. मालिनी गेल्यापासून दर रविवारी न चुकता त्र्यंबकरावांकडे आमटीचा डबा पोचवत होत्या आणि दर रविवारी त्या घरातली शांतता ऐकून लवकर परतत होत्या. पोरगा तिकडे ओरेगनमध्ये, बाप इकडे मिशिगनमध्ये, आणि दोघांचं बोलणं जवळजवळ बंद, हे त्यांना माहीत होतं.

"फोन आला होता त्याचा," त्र्यंबकराव म्हणाले. "ऑक्टोबरमध्ये ये म्हणतोय."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हणालो."

संध्याताईंना हसू फुटलं. "म्हणजे जाणार! अहो, मालूला किती आनंद झाला असता." मग डोळे टिपून म्हणाल्या, "जपा मात्र. एवढं ठरलंय, कुठे माशी शिंकायला नको."

आता हे 'बघू' प्रकरण समजावून सांगायला हवं, कारण पोंक्ष्यांच्या घराबाहेर, एक संध्याताई सोडल्या तर, ते कुणालाच समजलं नाही. त्र्यंबकरावांनी आयुष्यात कशालाही सरळ 'हो' म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचं असेल तर ते खणखणीत 'नाही' म्हणत. पण मनापासून करायची गोष्ट असली की तोंडून 'बघू' निघायचं. वाईच्या त्यांच्या घरात पद्धतच होती तशी. जे नक्की करायचं ते आधी बोलायचं नाही, बोललं की फिसकटतं. हा आजार पिढीजात होता आणि त्यावर औषध नव्हतं.

मालिनीला बघायला ते साताऱ्याला गेले, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर तिच्या वडिलांनी विचारलं, "मग, काय विचार आहे?" हे म्हणाले, "बघू." ते बिचारे नकार समजून दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या स्थळाकडे निघाले. त्र्यंबकच्या आत्यानं त्यांना एस्टी स्टँडवर गाठलं. "अहो, निघालात कुठे? आमच्या त्र्यंबकचं बघू म्हणजे हो. सकाळपासून तो अंगठीचं माप विचारत फिरतोय!"

आत्याचं हे काम पुढे मालिनीनं घेतलं आणि अमेरिकेत आल्यावरही चालू ठेवलं. अमित लहान असताना म्हणायचा, "बाबा, मला बाइक?" बाबा म्हणायचे, "बघू." अमितचं तोंड पडायचं. मग स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अरे, हो म्हणालेत ते. तू रंग ठरव."

सगळेच 'बघू' सायकलीपर्यंत पोचले नाहीत. त्र्यंबकराव गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. वीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या कागदावर काढल्या. कधी ओव्हरटाइम यायचा, कधी ले-ऑफची हवा सुटायची, आणि नायगारा राहून जायचा, अमितचा समर कॅम्प राहून जायचा. पण अमुक रद्द झालं असं त्यांनी कधी पोराला सांगितलं नाही. त्यांच्या लेखी एकही शब्द मोडला नव्हता, कारण एकही दिला नव्हता. पोराच्या लेखी हिशेब वेगळा होता, पण तो त्यानं बोलून दाखवला नाही. तोही पोंक्षेच.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला अमितनं युनिव्हर्सिटी सोडली आणि ओरेगनच्या किनाऱ्यावर, लोकांना बोटीतून मासेमारीला नेणाऱ्या एका लॉजवर काम धरलं. त्या वेळी मात्र त्र्यंबकरावांनी खणखणीत 'नाही' म्हटलं होतं. त्यानंतर बापलेकांतलं बोलणं मालिनीच्या जिवावर चालायचं. त्र्यंबकराव बेडरूममधल्या फोनवर, ती किचनमधल्या. "बाबा विचारतायत, जेवतोस का नीट?" "बाबा म्हणतायत, थंडीला जॅकेट आहे का?" बाबा यातलं काहीच म्हणालेले नसायचे, पण तिनं म्हटलं की ते त्यांना पटायचं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये ती कोसळली आणि हॉस्पिटलला पोचायच्या आत गेली. अमित आला, चार कामं केली, गेला. किचनमधला फोन भिंतीवर तसाच राहिला. बोलता बोलता गॅसपाशी जाऊन भाजी हलवायची तिला सवय होती, त्यामुळे त्याची वेटोळ्यांची वायर ओढून ओढून सैल झाली होती आणि जमिनीपर्यंत लोंबत होती.

मे महिन्यात अमितचा फोन आला तेव्हा त्र्यंबकराव मुद्दाम त्याच फोनवर बोलले.

"बाबा, ऑक्टोबरमध्ये तू काय करतोयस?"

"काय करणार? ऑफिस."

"आईला वन इयर होईल," अमित म्हणाला. "तू त्या घरात एकटा नको राहू त्या वीकला. इकडे ये. स्टीलहेडचा सीझन असतो. बोट माझी आहे, मी शिकवीन तुला."

"स्टीलहेड म्हणजे?"

"मासा. ट्राउटच, पण समुद्रात जातो आणि परत त्याच नदीत येतो. सॅमन परत आले की मरतात. हे नाही मरत. म्हणजे, सगळे नाही. दे गो बॅक." एवढं सलग मराठी तो फार दिवसांनी बोलत होता, शब्द शोधत, अडखळत. "आणि इथे छोटे पण असतात. हाफ-पाउंडर म्हणतात. ते समुद्रात जातात आणि थोड्याच मंथ्समध्ये परत येतात. नो रीझन. नुसते येतात, राहतात, आणि परत जातात."

"माहेरपणाला," त्र्यंबकराव म्हणाले.

"व्हॉट?"

"काही नाही." ती असती तर तिनं समजावून दिलं असतं. "नदीचं नाव काय?"

"रोग."

"रोग? असलं कसलं नाव ठेवलं?"

"नो, इट मीन्स... नेव्हर माइंड. बाबा, येशील?"

दोन वर्षांत पोरानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. त्याला आपण हवे आहोत, आणि नेमके त्या आठवड्यात हवे आहोत. एवढा आनंद त्यांना फार दिवसांत झाला नव्हता, म्हणून त्यांनी तो जपून उच्चारला.

"बघू," ते म्हणाले.

तारेवर थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. कुणीच मध्ये बोललं नाही.

"ओके," अमित म्हणाला. "ओके, बाबा."

फोन चांगला झाला असं त्र्यंबकरावांना वाटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी ॲटलास काढला.

उन्हाळाभर त्यांनी जी तयारी केली तशी स्वतःच्या लग्नाचीही केली नव्हती. डायनिंग टेबलावर ओरेगनचा नकाशा पसरला. रोग नदी समुद्राला मिळते तिथे लाल खूण, आणि पाऊस जास्त झालाच तर तिच्या दक्षिणेच्या दोन छोट्या नद्यांवर निळ्या खुणा. मासेमारीच्या दुकानातल्या म्हाताऱ्याकडून त्यांनी काठी घेतली, छातीपर्यंत येणारी रबरी विजार घेतली आणि ती हॉलमध्ये घालून सोफ्याभोवती चालून पाहिली. त्या किनाऱ्यावरच्या नद्यांचं सगळं गणित पावसावर असतं, असं म्हाताऱ्यानं सांगितलं. शरदातला पहिला पाऊस हलका झाला तर मासे चढतात, दणकून झाला तर पाणी गढूळ होतं आणि सगळं संपतं. म्हणून ते रोज पेपरात ओरेगनचं हवामान वाचायला लागले.

माश्या त्यांनी घरीच केल्या. पिसं विकत आणली, पण दोरा मालिनीच्या भरतकामाच्या डब्यातला. रेशमी लडींतला जांभळा आणि नारिंगी तिनं कशासाठी तरी राखून ठेवला होता. बिजागऱ्या काढणाऱ्या बोटांना ते काम जमलं. पहिल्या माश्या झुरळासारख्या दिसत होत्या, ऑगस्टपर्यंत त्या दुकानातल्यासारख्या दिसायला लागल्या. आपण काय केलं हे अमित उघडून बघेल तेव्हा त्याचं तोंड कसं होईल, याचा विचार करत ते एकटेच हसायचे. त्या घरात ते पुष्कळ दिवसांनी हसत होते.

दोरी मात्र सरळ जात नव्हती. हात मागे गेला की क्षणभर थांबायचं असतं, मागे दोरी पूर्ण उलगडेपर्यंत धीर धरायचा असतो, आणि मग पुढे. त्र्यंबकरावांना थांबायचं कळायचं, पुढे केव्हा यायचं ते कळायचं नाही.

ऑगस्टमध्ये अमितचा पुन्हा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्र्यंबकरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या नदीत पाणी कितपत आहे सध्या?"

"लो आहे. का?"

"असंच. आणि पाय घसरतात का रे तिथे?"

"कोणाचे?"

"कुणाचेही."

अमित म्हणाला, "बाबा, मी ती वीक ओपन ठेवलीय. लोक मागतायत. जस्ट टेल मी. तू येतोयस की नाही?"

तिकीट दुसऱ्याच दिवशी काढायचं ठरलं होतं. बॉसनं रजा तोंडी दिली होती, कागदावर सही व्हायची होती. म्हणजे अजून नक्की नव्हतं. आणि नक्की नसलेलं बोलायचं म्हणजे दृष्ट लावायची. ह्या एका गोष्टीला दृष्ट लागू नये असं त्यांना इतकं वाटत होतं, की जीभ आपोआप जुन्या वाटेनं गेली.

"बघू रे," ते म्हणाले. "ऑफिसचं काय होतंय ते बघून..."

"राइट," अमित म्हणाला. "इट्स ऑलवेज बघू."

पोरगा थट्टा करतोय असं समजून त्र्यंबकराव हसले. त्यांचं हसणं तारेवरून ओरेगनला कसं पोचलं, देव जाणे.

निघायच्या आधी त्यांनी लॉजवर फोन केला, तर मशीन बोललं. निरोप ठेवा म्हणालं. मशीनला काय सांगायचं ते त्यांना सुचेना, आणि अचानक दारात उभं राहण्यातली गंमतही जाईल असं वाटलं, म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

पोर्टलंडपर्यंत विमान आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्यानं बस. रात्रभर पाऊस होता, सकाळीही होता. बस पुलावर आली तेव्हा त्र्यंबकरावांनी काच पुसून खाली पाहिलं. ती नदी महिनोन्महिने त्यांनी कागदावर निळी पाहिली होती. ती तांबडी-तपकिरी झाली होती आणि तिच्यातून अख्खी झाडं वाहत होती. पण त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मासा मिळाला काय न मिळाला काय, नाही तरी सोडूनच द्यायचा होता.

लॉजच्या काउंटरमागे साठीची एक बाई होती. शर्टावर डॉना असं नाव होतं. तिनं यांच्याकडे पाहिलं, हातातल्या काठीच्या नळीकडे पाहिलं, आणि नाव सांगायच्या आधीच तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही अमितचे वडील."

"हो. तो आहे का? त्याला माहीत नाही मी येतोय ते. सरप्राइज."

डॉना काउंटरच्या बाहेर आली. अमित गेल्या रविवारी गेला, तिनं सांगितलं. न्यूझीलंडला. तिकडे आता मासेमारीचा सीझन सुरू होतो, इथले बरेच गाइड जातात. तो महिनाभरानं जाणार होता, पण अचानक म्हणाला, आत्ताच जातो, इथे थांबून काय करू? पत्ता नाही. साउथ आयलंड, एवढंच म्हणाला.

"हा आठवडा त्यानं उन्हाळाभर कुणाला दिला नाही," ती म्हणाली. "माझं भांडण झालं त्याच्याशी. शेवटी तोच म्हणाला, देऊन टाक. माझे वडील नाही म्हणाले."

"मी नाही म्हणालो नाही," त्र्यंबकराव घाईघाईनं म्हणाले. "आय डिडन्ट से नो. नेव्हर. मी बघू म्हणालो."

"ते काय असतं?"

या शब्दाचं भाषांतर करायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. ते काम दुसऱ्या कुणाचं तरी असायचं. त्यांनी विचार केला आणि जसं सुचलं तसं सांगितलं, "वी विल सी."

डॉनानं त्यांच्या ओल्या बाहीवर हात ठेवला.

"ओह हनी," ती म्हणाली. "दॅट मीन्स नो."

त्र्यंबकराव तिथल्या बाकावर बसले. सायकल, नायगारा, समर कॅम्प, मे महिना, ऑगस्ट. हे सगळं एकदम, इंग्रजीत, त्यांच्या कानात परत वाजलं. बावीस वर्षं ते पोराला आनंदानं नाही म्हणत आले होते, आणि मधला एक माणूस ते दुरुस्त करत आला होता. तो माणूस गेला त्याला परवा वर्ष होत होतं.

डॉनानं कॉफी दिली. मग, ते नुसतेच बसलेत हे बघून, त्यांना मागच्या शेडमध्ये घेऊन गेली. अमितची बोट तिथे ट्रेलरवर उभी होती. पुढच्या बाजूला एक नवी खुर्ची बसवली होती, पाठीची, गादी असलेली.

"तुमची पाठ दुखते म्हणाला. जुन्या बाकावर तुम्हाला दिवसभर बसवणार नाही म्हणाला. दोन संध्याकाळी खपत होता."

पाठ दुखते हे त्यांनी अमितला कधीच सांगितलं नव्हतं. ते मालिनीनं सांगितलं असणार. त्र्यंबकरावांनी वाकून पाहिलं. खुर्चीची पाठ मागे पडणारी होती, बिजागऱ्यांवर. एक बिजागरी थोडी तिरकी बसली होती, तिच्याखाली टिनाची पट्टी घालून पोरानं ती सारखी केली होती. त्यांनी पाठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आवाज न करता उघडत होती. तिच्यावर बसावं असं त्यांना फार वाटलं, पण ते बसले नाहीत.

"नदी उतरायला चार-पाच दिवस लागतील," डॉना म्हणाली. "तोवर कुणीच बोट काढणार नाही. सॉरी."

"तो फोन करतो?"

"फोन करणाऱ्यातला नाही तो, हनी. पण केलाच तर? काय सांगू?"

त्र्यंबकराव तिच्यामागून काउंटरपाशी परत आले. "सांगा, त्याचे बाबा 'हो' म्हणाले."

"हो?" तिनं काउंटरवरचा पिवळा कागद ओढला. "स्पेलिंग?"

"एच. ओ."

"सँटा क्लॉज म्हणतो तसं?"

"हो," त्र्यंबकराव म्हणाले. "पण एकदाच."

तिनं मोठ्या अक्षरांत ती दोन अक्षरं लिहिली आणि फोनशेजारच्या फळीवर टाचणीनं लावली. फळीवर आणखी पुष्कळ निरोप होते, काही उन्हानं पांढरे पडलेले. त्र्यंबकरावांनी तिचे आभार मानले. परतीची बस संध्याकाळची होती.

पाऊस थोडा थांबला तेव्हा ते लॉजच्या मागच्या मोकळ्या गवतात गेले. पाण्यात पाय कसा ठेवायचा ते अमित शिकवणार होता, त्यामुळे ते पाण्याकडे गेले नाहीत. त्यांनी काठी जोडली, दोरी ओवली, आणि टोकाला जांभळ्या दोऱ्याची माशी बांधली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिचा गळ कुठे अडकू नये म्हणून ती सोडवून खिशात ठेवली आणि बागेतला लाल लोकरीचा तुकडा बांधला. हात मागे नेला. थांबले. मागे दोरी उलगडली आणि तिची हलकी ओढ मनगटाला कळली. मग ते पुढे आले.

दोरी अगदी सरळ गेली आणि ओल्या गवतावर हलकेच पडली. बघायला कोणी नव्हतं.